कप तुमचाच

कार्डं वाटून झाली, आणि मग कळलं की कपच हरवले आहेत.

खरं तर उलटं व्हायला हवं होतं. आधी कप काढून धुवायचे, पुसायचे, आणि मग लोकांना चहाला बोलवायचं. पण हेंद्रेपाड्यातल्या त्या नव्या घरात त्या आठवड्यात सरळ असं काहीच होत नव्हतं. पाणी यायचं तेव्हा बादल्या सापडायच्या नाहीत, आणि बादल्या सापडेपर्यंत पाणी गेलेलं असायचं. चमचे मोज्यांच्या पिशवीत निघाले. लिफ्ट बंद होती, आणि ती कधी चालू होणार असं वॉचमनला विचारलं की तो उलट विचारायचा, "तुम्हाला काय कळलंय का?" घरातल्या मोठ्या माणसांना आता एकच शब्द येत होता. बाबा कामावरून आले की म्हणायचे, "दमलो." आई ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, "दमले बाई." आणि आण्णा काहीही न करता म्हणायचे, "दमलो."

रविना आठवी संपवून नववीत जाणार होती, म्हणजे नियमाप्रमाणे ही तिची सुट्टी होती. तिचा धाकटा भाऊ करण याचीही सुट्टीच होती. आणि त्यांची आतेबहीण राही अंबरनाथ पश्चिमेहून सुट्टीत धमाल करायला म्हणून आली होती. धमाल काय, तर मांजर्लीच्या तळमजल्यावरचं सामान टेम्पोत चढवायचं आणि इथे तीन मजले वर न्यायचं! राहीने तिसऱ्या खेपेला फोन करून आईला विचारलंसुद्धा, की मला मामाकडे पाठवलंस की हमाली करायला.

पण घर बदलणं भाग होतं. मांजर्लीत नदी पावसाळ्यात पाहुण्यासारखी यायची आणि दार उघडायचीही वाट बघायची नाही. दर वर्षी मे महिन्यात खाटा विटांवर चढवायच्या, कपडे माळ्यावर टाकायचे, आणि पावसाळा संपला की सगळं परत खाली आणायचं. रविनाला आठवतंय तेव्हापासून हेच. शेवटी या वर्षी बाबा, म्हणजे राजेशराव, म्हणाले की आता पुरे, घरच उचलू एकदाचं.

सामान भरलं होतं निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रमांत. मांजर्लीतल्या माणसाला या ड्रमचं कौतुक सांगावं लागत नाही. पाणी आलं की कपाट बुडतं, ड्रम तरंगतो. एका ड्रममध्ये भांडी, एकात कपडे, आणि एकात आण्णांचे कप.

आता हे कप म्हणजे काय, ते सांगायला हवं. आण्णा म्हणजे या तिघांचे आजोबा. त्यांचं बदलापूर स्टेशनजवळ चहाचं छोटं हॉटेल होतं. हॉटेल उघडलं तेव्हा कपांचा सेट घ्यायची ऐपत नव्हती. मग ते उल्हासनगरच्या बाजारात जायचे, आणि ज्या सेटमधले बाकीचे कप वाटेत फुटले त्यातले एकटे उरलेले कप आणि बशा स्वस्तात उचलून आणायचे. त्यामुळे दोन कप सारखे नाहीत. एक निळा, त्यावर पांढरे पक्षी. एक गुलाबी, त्याची सोनेरी कड पिऊन पिऊन अर्धी झिजलेली. एक पिवळा, नारिंगी फुलांचा. एक पोपटी हिरवा, त्याच्या पोटावर पांढऱ्या ठिपक्यांची माळ, आणि कानाजवळचा एक ठिपका गळलेला. तसले कप आता कुठे बघायलाही मिळत नाहीत. हळूहळू गिऱ्हाइकांनी आपापला कप ठरवून टाकला. भीमराव निळ्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. मग आण्णाही माणसांना कपाच्याच नावाने ओळखायला लागले. "निळा आला, चहा टाक." "गुलाबी दोन दिवस दिसली नाही, बरी आहे ना?" असं चालायचं.

आण्णांचा स्वतःचा कप मात्र नव्हता. हॉटेलवाल्याने गिऱ्हाइकासमोर बसायचं नसतं, असं त्यांचं मत. ते उभ्या उभ्या, जो कप फुटका निघेल त्यात प्यायचे. टवका उडालेला कप गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, तो मालकाचा, हा हॉटेलचा कायदा होता. फुटके कप फार टिकत नसत, त्यामुळे मालकाचा कप सारखा बदलायचा.

पुढे रस्ता रुंद झाला आणि हॉटेल गेलं. त्यानंतर आण्णांनी चहा केला नाही. घरात आईने केलेला घ्यायचे, बरा झालाय म्हणायचे, आणि कप न बघता खाली ठेवायचे. नव्या घरात आल्यापासून तर ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मांजर्लीत निदान दारातून जाणारी माणसं हाक मारायची. इथे तिसऱ्या मजल्यावर कोण हाक मारणार?

म्हणून तिघांनी बेत केला. रविवारी आण्णांच्या जुन्या गिऱ्हाइकांना चहाला बोलवायचं, आणि चहा आण्णांनीच करायचा. राहीने बोलावण्याची कार्डं केली. पाठकोऱ्या लग्नपत्रिका कापल्या, दुमडल्या, आणि प्रत्येक कार्डावर त्या त्या माणसाचा कप रंगवला. कपांचे फोटो तिच्याकडे होते, सामान भरताना तिने हौसेने काढलेले. कार्डावर नाव नाही, गाव नाही. बाहेर कप, आणि आत रविनाच्या चांगल्या अक्षरात एवढंच, की रविवारी संध्याकाळी चहाला या, कप तुमचाच. खाली नवा पत्ता.

आण्णांना कार्डं दाखवली तेव्हा ते उठून बसले. एकेक कार्ड हातात घेऊन, लांब धरून, बघत राहिले. हिरव्यापाशी थांबले.

"हे नका देऊ," म्हणाले. "हिरवा गेला. हरिचंद्र. दोन वर्षं झाली."

ते कार्ड राहीने आपल्या चित्रकलेच्या वहीत घालून ठेवलं. बाकीची करणने आण्णांना पत्ते विचारून सायकलवरून वाटली. आणि शुक्रवारी सकाळी आण्णा स्वतःहून म्हणाले, की कप काढा रे, धुवून ठेवू. आईच्या हातातलं लाटणं थांबलं. किती दिवसांनी आण्णांनी काहीतरी मागितलं होतं!

तर ड्रमच नाही.

भांड्यांचा ड्रम होता, कपड्यांचा होता. तिसरा नव्हता. पलंगाखाली, बाल्कनीत, जिन्याखाली, कुठेच नव्हता. करणने मीटरच्या खोलीतही डोकावून पाहिलं. बाबांना फोन केला तर ते म्हणाले मांजर्लीत राहिला असेल. मांजर्लीच्या शेजाऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले खोली झाडून नेलीत, दाराची कडी तेवढी ठेवलीत. बाबांनी परत फोन केला, आणि त्यांच्या आवाजात त्या दिवशी भांडायचीही ताकद नव्हती. म्हणाले, जाऊ दे ना, येताना एक सेट आणतो, सगळे एका रंगाचे, छान दिसतील.

आण्णांनी ते ऐकलं. परत आडवे झाले आणि भिंतीकडे वळले. "सांगा सगळ्यांना, येऊ नका म्हणावं," एवढंच बोलले. "दमलो मी."

रविनाला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला काहीच नीट करता येईना. राहीने तिला जिन्यात नेलं.

"रड नंतर," राही म्हणाली. "आधी सांग, ड्रम शेवटचा कोणी बघितला?"

करण म्हणाला, मी. आण्णांनी कप भाताच्या तुसात एकेक करून बसवले तेव्हा तो शेजारीच होता. हिरवा कप आण्णांनी खूप वेळ हातात धरून ठेवला होता, म्हणून तो सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर गेला. मग बाबांनी झाकण लावलं आणि मार्करने वर लिहिलं. आणि मग कैलासदादाने टेम्पोत चढवला.

"मग कैलासदादालाच विचारायचं," रविना म्हणाली.

कैलासचा टेम्पो अंबरनाथ पश्चिमेला, राहीच्या घराजवळच्या नाक्यावर उभा असतो. आईला सांगितलं की राहीकडे जाऊन येतो, आणि हे खोटंही नव्हतं. आईने फार विचारलं नाही. तिला उभ्या उभ्या झोप येत होती. फक्त पोचल्यावर आत्याला फोन करायला सांगा म्हणाली.

भर दुपार. नाक्यावर चिटपाखरू नव्हतं. कैलास टेम्पोच्या सीटवर आडवा, पाय खिडकीतून बाहेर. लग्नसराईत त्याला रात्रंदिवस भाडी असायची, त्यामुळे दिसेल तिथे झोपायची त्याला सवय लागली होती. करणने त्याच्या तळव्याला गुदगुल्या केल्या तेव्हा कुठे तो उठला.

ड्रम हरवला म्हटल्यावर तो चिडलाच. म्हणाला, आपल्या हातून आजवर सुई इकडची तिकडे झाली नाही, कोणालाही विचारा. तुमच्या पप्पांनी भाडं कमी कर म्हणून जीव खाल्ला, म्हणून आधीच शेठचा माल भरलेल्या टेम्पोत तुमचं सामान घेतलं. कसला माल? तर उल्हासनगरच्या एका केटररचा, जयदेवशेठचा. बदलापुरात त्याचं लग्नाचं काम होतं, तिथलं उरलेलं सामान परत गोडाउनला न्यायचं होतं. वाटेत हेंद्रेपाड्याला यांचं उतरवलं, आणि तसाच पुढे गेला.

"त्यात घोटाळा कसा होईल?" कैलास म्हणाला. "सगळं वाचून उतरवलं मी. ड्रमावर भांडी लिहिलेलं तुमच्याकडे. कपडे लिहिलेलं तुमच्याकडे. आणि चिनीचे सगळे शेठकडे."

रविना एकदम पुढे सरकली.

"चिनीचे म्हणजे?"

"चिनीचे म्हणजे चिनीचे गं. साखर."

"कैलासदादा, तुम्ही घरी साखरेला काय म्हणता?"

"घरी साखरच म्हणतो. पण ड्रमात असली की चिनी. बाजारात कोण साखर म्हणतंय?"

रविनाने कपाळावर हात मारून घेतला. तिला ती दुपार जशीच्या तशी आठवली. बाबा घामाघूम होऊन ड्रमवर लिहीत होते, आणि ती म्हणाली होती, बाबा, नीट लिहा, चिनी माती. बाबा म्हणाले होते की या उन्हात माती कोण लिहीत बसणार, आपल्याला कळलं म्हणजे झालं. आणि नुसतं चिनी लिहिलं. तेही पहिली वेलांटी दीर्घ. तिने तेव्हाच सांगितलं होतं की ती ऱ्हस्व हवी, आणि बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं होतं की ती गुपचूप कपड्यांच्या ड्रमकडे गेली होती. हिंदीत चीनी म्हणजे साखर. आणि कैलासदादा दिवसभर उल्हासनगरच्या बाजारात!

"म्हणजे मामाने माती लिहायची सोडली," राही हळूच म्हणाली, "आणि खाल्ली."

करणला इतकं हसू आलं की तो टेम्पोला धरून खाली बसला. कैलास मात्र हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. आण्णांच्या हॉटेलात तोही लहानपणी वडिलांबरोबर गेला होता, बशीतून चहा प्यायला होता. त्याने राहीच्या आईला फोन लावून दिला, परवानगी मिळवून दिली, आणि चावी फिरवली.

"बसा," म्हणाला. "शेठचा माल आज संध्याकाळी कर्जतला निघणार आहे. लग्न आहे तिकडे. एकदा ट्रकवर चढला की मग काही खरं नाही."

जयदेवशेठचं गोडाउन उल्हासनगरात, कॅम्प चारच्या एका गल्लीत होतं. टेम्पो गल्लीत शिरला तेव्हा ट्रक दाराशी उभाच होता आणि फळी लावलेली होती. आत भिंतीला लागून निळे ड्रम उभे होते, एकेकावर नजर टाकावी तर सगळे सारखे. प्रत्येकावर मार्करने चीनी, चीनी, चीनी. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, माणसं ते ड्रम उचलत नव्हती. आडवे पाडून लोळवत नेत होती, फळीवरून वर ढकलत होती. दोन ड्रम वर गेलेही होते.

रविना धावत जाऊन रांगेच्या समोर उभी राहिली, दोन्ही हात पसरून.

"थांबा! लोळवू नका!"

माणसं थांबली. त्यांना थांबायला कारण हवंच होतं. सकाळपासून ती माल चढवत होती, म्हणून लगेच फळीवर बसून त्यांनी बाटल्या तोंडाला लावल्या. पण जयदेवशेठ आतून आला. दोन्ही हातांत फोन, डोळे लाल, शर्टाला आमटीचा डाग.

"अरे साईं, ये बच्चे कहाँ से आए?" तो म्हणाला. मग कैलासने सांगितलेलं सगळं अर्धवट ऐकलं आणि मान हलवली. मराठी त्याला चांगली येत होती. म्हणाला, "बेटा, तीन रात्री झोपलो नाही मी. सगळ्या ड्रमला टेप मारलीय, मुंग्या शिरू नयेत म्हणून. आता तुमच्या कपासाठी एकेक ड्रम खोलू? आणि मुंग्या गेल्या तर लग्नात काय सांगू? लग्न झाल्यावर सोमवारी या."

रविनाने सांगितलं की आम्हाला रविवारीच हवेत. शेठ म्हणाला की मला कालच हवे होते असे पाच आचारी मिळाले नाहीत, मी काय केलं? आणि एक फोन कानाला लावून तो वळला. कैलासने विनवलं, तर त्यालाच उलट ऐकावं लागलं, की माल उतरवताना तुझे डोळे कुठे होते.

वाद घालायची कोणाचीच शक्ती राहिली नव्हती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. करण तर ड्रमांजवळच्या सावलीत फरशीवर सरळ आडवा झाला. गार फरशी, गालाला बरी वाटत होती. तिथून त्याला सगळ्या ड्रमांची बुडं दिसत होती.

"ए ताई," मग तो पडल्या पडल्याच म्हणाला. "टेप मारून काही उपयोग नाही. मुंग्या आहेतच."

खरंच होत्या. भिंतीच्या फटीतून एक रांग निघाली होती. ती पहिल्या ड्रमला जाऊन वर चढली होती, झाकणाच्या कडेला सांडलेले साखरेचे कण घेऊन परत येत होती. दुसऱ्या ड्रमलाही फाटा गेला होता. तिसऱ्यालाही.

"पण त्या शेवटून दुसऱ्याला नाहीत," करण म्हणाला. "त्याला वळसा घालून पलीकडच्यावर चढतायत."

राहीने वाकून पाहिलं. रविनाने वाकून पाहिलं. त्या ड्रमवरही चीनी असंच लिहिलं होतं, बाबांच्या घाईच्या अक्षरात. पण मुंग्यांना वाचता येत नाही, त्यामुळे त्या फसल्या नव्हत्या.

रविना शेठसमोर जाऊन उभी राहिली. आता तिचा आवाज चढला नाही. चढवायला अंगात काही उरलंच नव्हतं. म्हणाली, शेठ, सगळे नको, एकच ड्रम उघडा. त्यात साखर निघाली तर ते टेबलावर कागदी नॅपकिनचे गठ्ठे पडलेत ना, दुमडायचे? ते आम्ही तिघं बसून दुमडून देतो. सगळे.

शेठने गठ्ठ्यांकडे पाहिलं. ते काम कोणाला सांगावं या विचारानेच त्याला सकाळपासून घेरी येत होती. साखर निघाली तर त्याचा फायदा, कप निघाले तर एक ड्रम कमी चढवायचा. असा सौदा उल्हासनगरात कोण सोडतो?

"आणि कप निघाले तरी तुमचेच कशावरून?" तो तेवढ्यात म्हणाला.

राहीने वही उघडली आणि न दिलेलं कार्ड काढून त्याच्या हातात ठेवलं. "सगळ्यात वर हा असेल," ती म्हणाली. "कानाजवळचा एक ठिपका गळलाय. बघा."

टेप निघाली. झाकण निघालं. वरती तूस होतं. शेठच्या माणसाने त्यात हात घातला आणि अलगद वर काढला, तर हातात पोपटी हिरवा कप. पांढऱ्या ठिपक्यांची माळ. गळलेला ठिपका कार्डावर होता तिथेच.

पण कान नव्हता. कपाचा कान तुटून तुसात पडला होता. चढवताना, उतरवताना, कधीतरी दणका बसला असणार, आणि वरचा म्हणून त्यालाच बसला. बाकीचे खाली सुखरूप होते. निळा, गुलाबी, पिवळा, बशा, खारीच्या प्लेटा, सगळं. रविनाने एकेक काढून पाहिलं आणि परत ठेवलं. हिरव्याचे दोन तुकडे मात्र तिने आपल्या ओढणीत बांधून घेतले, आणि मग तिला मघाचं राहिलेलं रडू आलं.

शेठने दोन्ही फोन खिशात घातले होते. तो कार्ड उलटसुलट करून बघत बसला होता. म्हणाला, माझ्या आईकडे अशीच एक बशी होती, लाल, तिच्यात ती मला बिस्कीट द्यायची. कुठे गेली कोण जाणे. मग उठला, शेजारचा ड्रम उघडायला लावला, आणि त्यातली साखर पिशवीत भरून करणच्या हातात दिली.

"ड्रमावर चीनी लिहिलंय," म्हणाला, "तर थोडी घेऊन जा. चहाला लागेल."

कैलासने त्यांना हेंद्रेपाड्यापर्यंत सोडलं, आणि ड्रम स्वतःच्या डोक्यावरून तीन मजले वर नेला. मध्ये कुठेही टेकवला नाही.

आण्णा उठले. ड्रमजवळ खाली बसले. तुसातून एकेक कप काढून पुसत राहिले. शेवटी रविनाने ओढणी सोडली. आण्णांनी कप एका हातात आणि कान दुसऱ्या हातात घेतला. राहीला वाटलं, आता ओरडतील. करणला वाटलं, आता परत झोपतील. आण्णांनी विचारलं ते एवढंच, की सकाळपासून जेवलात का रे पोरांनो. नाही म्हटल्यावर त्यांनी सुनेला, म्हणजे भारतीला, बाजूला सरकायला सांगितलं आणि स्वतः गॅस पेटवला. पोहे टाकले. रविनाने आईकडे पाहिलं तर आई डोळ्याला पदर लावून उभी होती, आणि कांदा तर आण्णा चिरत होते.

रविवारी संध्याकाळी लिफ्ट बंदच होती. म्हातारी माणसं तीन मजले चढून धापा टाकत दारात यायची, कार्ड पुढे करायची, आणि "दमलो बाबा" म्हणत बसायची. भीमराव निळं कार्ड शर्टाच्या खिशाला, दिसेल असं लावून आले होते. गुलाबी म्हणजे एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्यांनी आल्या आल्या कप उचलून झिजलेली कड बोटाने चाचपली, आणि हाच, म्हणाल्या. कैलासही कार्ड नसताना आला आणि दाराशी उभा राहिला. त्याला आण्णांनी बशीत चहा दिला.

सगळ्यांना ड्रमची गोष्ट दोनदा सांगावी लागली. मुंग्यांपाशी आल्यावर करणने ती फरशीवर आडवं होऊन करून दाखवली. बाबा कोपऱ्यात खारी वाटत होते. त्यांना रविनाने भर सभेत विचारलं, की चिनी मातीतली पहिली वेलांटी कोणती. बाबांनी कान पकडले. म्हणाले, "ऱ्हस्व. आणि माती लिहायची. तू सांगितलंस तेव्हा ऐकायला हवं होतं मी." नर्सबाई म्हणाल्या, राजेश, तुझी मुलं तुझ्यापेक्षा हुशार आहेत, आणि त्यावर बाबांनीही मान डोलावली.

सगळ्यांचे कप भरले. आण्णा नेहमीसारखे ओट्याला टेकून उभे होते. त्यांनी आपल्यासाठी चहा ओतला, आणि ओतला तो कान तुटलेल्या हिरव्या कपात. दोन्ही हातांनी धरून ते उभ्या उभ्या प्यायला लागले, तेवढ्यात राही पुढे झाली. तिने खुर्ची ओढली. खुर्चीसमोर टीपॉयवर तिने ते न दिलेलं कार्ड उभं केलं होतं. हिरवा कप तोच, ठिपक्यांची माळ तीच. फक्त कानावरून तिने पांढरा रंग फिरवला होता.

आण्णांनी कार्ड उघडलं. आत रविनाच्या अक्षरात आधीपासून लिहिलेलंच होतं. ते त्यांनी वाचलं, परत वाचलं, आणि ओठ हलले.

"फुटका कप कुणाचा, आण्णा?" रविनाने विचारलं. "कायदा तुमचाच आहे."

मग भीमरावांनी आपला निळा खाली ठेवला, घसा साफ केला, आणि इतकी वर्षं आण्णा जसे ओरडायचे तसेच ओरडले.

"हिरवा आला रे! बसायला द्या त्याला!"

आण्णा बसले. गिऱ्हाइकांच्या मधोमध, खुर्चीत, पाठ टेकून. त्यांनी तिन्ही मुलांना जवळ ओढलं, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि हरिचंद्रला आवडला असता हा चहा, असं म्हणाले. साखर जरा जास्त झाली होती. शेठची होती ती, आणि करणच्या हातची. तरी भीमरावांनी निळा पुन्हा पुढे केला.

"आण्णा, दमलात?" करणने विचारलं.

आण्णांनी एक घोट घेतला.

"नाही रे," ते म्हणाले. "आता जरा दम घेतोय."